वेंडेलचं पहिलं विधेयक

प्रिय आई,

मी बरी आहे. तुझी रजई पुरते, थंडीची काळजी करू नकोस.

आपल्या बोअरची मोटार दुरुस्त करणारे वेंडेल क्रुग आमदार झाले ते एकाच आश्वासनावर: घरोघरच्या बोअरच्या पाण्याची सरकारी तपासणी. त्यांच्या कार्यालयात विधेयकाचा मसुदा मीच केला. काल ते सभागृहात आलं. नव्या आमदाराच्या पहिल्या विधेयकाची इथे थट्टा करतात. सगळ्यांनी आधी मुद्दाम विरोधाची लाल बटणं दाबली. "वेंडेल, पाना घरी विसरलास का रे?" एक जुना आमदार ओरडला. हशा चालू असतानाच त्याने बदल सुचवला: तपासणी फक्त शहरातल्या नळांची, बोअर वगळा. वेंडेल हसतच "चालेल" म्हणाले. मतांच्या फलकावरचे सगळे दिवे हिरवे झाले.

बाहेर माझा हात धरून म्हणाले, "कोरिन, पहिल्याच दिवशी कोण भांडतं, पोरी?" मी जाऊन हात धुतले. अजून किळस जात नाही.

टेसचं बाळ कसं आहे? त्याची दुधाची पावडर बोअरच्या पाण्यात कालवू नका. खतातलं नायट्रेट उकळून जात नाही, उलट दाट होतं. दुकानातलं पाणी आणा.

वेंडेल घरी आले तर त्यांना मात्र बोअरचंच द्या.

बाबांना सांभाळ.

तुझी,
कोरिन