जास्वंदीचं सरबत

पिंपरी, सोमवार, १६ एप्रिल १९५६

"देवाचं फूल तोंडात घालू न्हाई, पोरी." नवी नवरी होते, परसात जास्वंदीची पाकळी चघळत होते, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या. आज दिवसभर तेच आठवत राहिलं.

काल शेजारच्या अमीनाभाभींनी जास्वंदीचं सरबत पाजलं. काय तो लाल रंग! "फुलं उकळून गाळली की पाणी काळपट जांभळं दिसतं. मग लिंबू पिळा आणि बघा. साखर त्यानंतर," म्हणाल्या.

मला बघायचंच होतं. पण परसातली सगळी फुलं सासूबाई उजाडताच गणपतीसाठी खुडतात. मग वाटलं, वाहून झालेली घ्यावीत, म्हणजे प्रसादच झाला की! कालचं निर्माल्य गुपचूप पातेल्यात टाकलं. पाकळ्यांना चिकटलेलं कुंकू मात्र विसरलेच. लिंबू पिळायच्या आधीच पाणी लाल. आता लिंबानं काय केलं, ते कळणार कसं? सगळं झाडाच्या मुळाशी ओतलं.

सासूबाईंनी पातेल्याला राहिलेला लाल डाग बघून विचारलं, "काय उकळलंस गं?"

"चहा."

"असला लाल च्या? कुणी पाव्हणा येणार हाय का?" आणि हसल्या.

खरंच लिंबाच्या दोन थेंबांनी जांभळ्याचं लाल होतं? डोळ्यांदेखत? चाळिशी उलटली, तरी एवढंसं बघायची केवढी ही हौस...

उद्या नेमका मंगळवार, गणपतीचा वार. सासूबाई "न्हाई" म्हणणार, माहीत आहे. तरी सकाळी त्यांना विचारणारच: आत्याबाई, आजच्या दिवस देवाला तगर वाहा, जास्वंद मला द्या ना.