खुर्ची कुणाचं ऐकते

४ मार्च, सोमवार

पुन्हा तेच! चढावर खुर्ची दमते, उतारावर पळते. आज शालूताई बसल्या होत्या. विश्रांतवाडीच्या, शाळेत गणित शिकवतात, अपघातानंतर पायांत बळ नाही. आमची विजेवरची चाकाची खुर्ची त्याच चालवून बघतात. खड्ड्यातून निघताना मोटरने असा हिसका दिला की त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. पुढचा सगळा रस्ता त्या चाकांकडेच बघत होत्या. ते जास्त लागलं.

५ मार्च

डोकं थांबत नाही. जेवताना आई काय म्हणाली, आठवत नाही.

६ मार्च

जमलं! वेग घसरायची वाटच बघायची नाही. मोटर किती करंट ओढतेय त्यावरून चाकावर आलेला भार ओळखायचा आणि लगेच तेवढा जोर लावायचा. चढ, खड्डा, गतिरोधक – वेग तोच. शालूताई म्हणाल्या, आज पहिल्यांदा चाकांऐवजी समोर बघता आलं. आमचे मालक दत्तप्रसादसर म्हणाले, ‘रस्ते असेच राहू देत, नाहीतर आपण विकायचं काय!’

खुर्ची ताई घरी घेऊन गेल्या. सोमवारी गिऱ्हाईक बघायला येणार. तरी मला चैन नाही. का, कळत नाही.

९ मार्च

ताईंच्या यजमानांचा, बद्रीनाथरावांचा फोन. आळंदी रस्ता ओलांडताना वळणावरून बस आली. त्यांनी खुर्ची मागून धरली, तर ती त्यांनाच ओढत पुढे निघाली. ‘मी जितकं मागे ओढलं, तितकी ती जोर करत होती हो!’ ताईंना काही झालं नाही. बद्रीनाथरावांचे तळहात सोलवटलेत.

माझ्या गणितात त्यांचा हात म्हणजे आणखी एक चढ. हे मला सुचलंच नाही.

सरांना सांगितलं, सोमवारी दाखवायचं नाही. ते म्हणाले, कळवतो गिऱ्हाईकाला.

१० मार्च

रविवार असूनही कामाच्या शेडवर. मागून कुणी धरलं की खुर्ची थांबेल, असा प्रोग्राम लिहिला.

११ मार्च

शालूताई एकट्याच आल्या. मी माफी मागितली, नवा प्रोग्राम आजच घालते म्हटलं.

‘घालू नकोस, उत्कर्षा. बस थांबली होती. ड्रायव्हरने मला जा म्हणून हात केला होता. अपघातापासून मागून कुणीही धरतं आणि मी थांबते. त्या दिवशी खुर्चीने माझं ऐकलं.’

प्रोग्राम तयार आहे. घातलेला नाही.