चढ कुठून लागला

दादा,

तुम्हाला जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली आणि माझा धडा अजून तिथंच अडला आहे. डोंगरकडा गावच्या आपल्या घरात मी भाकरी थापायची आणि तुम्ही चुलीपाशी बसून ग्रीकांच्या शोकांतिका सांगायचा. राज्य निजामाचं, म्हणून शाळेत दिवसभर पोरांना उर्दूतून शिकवायचं आणि घरी मला मराठीतून. पोरीला शिकवून काय उजेड पडणार, असं घर सांभाळणारी तुमची बहीण, माझी आत्या म्हणायची. तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

त्या सकाळी एका म्हाताऱ्या राजाची गोष्ट होती. वेशीचं दार उघडण्यात दगा आहे, हे त्याच्या दाईला कळलेलं असतं. ती सांगायला येते, पण राजा तिच्यावर खेकसतो आणि ती गप्प परतते. दार उघडतं, राजा मरतो. यात चढ कुठून लागतो, म्हणजे शेवट कुठून अटळ व्हायला लागतो, तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, दार उघडतं तिथून. शेजारीण बसलेली असतानाच तुम्ही चिडलात.

"माथ्यावर पोचल्यावर चढ लागला म्हणून राहिली का? दाई तोंड मिटून माघारी फिरली, तिथून धर. तवर सगळं टळण्यासारखं व्हतं."

मला फार लागलं. तासाभरानं तुम्ही पिशवी घेऊन निघालात. पलीकडच्या गावातला तुमचा एक विद्यार्थी आठ दिवस शाळेत आला नव्हता, त्याला बघायला निघाला होतात, हे मला मागाहून कळलं. त्या गावात पटकीची साथ आल्याचं मी आदल्या दिवशी विहिरीवर ऐकलं होतं, तुम्हाला ते ठाऊक नव्हतं. मी "कुठं" म्हणून विचारलं नाही. तुम्ही तिथलं पाणी प्यालात आणि तिसऱ्या दिवशी गेलात.

निघालेल्या माणसाला "कुठं" विचारू नये, अपशकुन होतो, हे आपल्याकडे लहान लेकरालाही माहीत. "बरं झालं पोरी, तू टोकलं न्हाईस," आत्या रडता रडता म्हणाली, "न्हाईतर लोकांनी तुलाच बोल लावला असता." तेच मी जन्मभर सगळ्यांना सांगत आले. पुढे मीही शाळेत शिकवलं, आणि चढाची जागा मुलींना बरोबर दाखवली.

हा कागद कुणाला धाडायचा नाही, म्हणून लिहिते. दादा, रीत मला त्या वेळी आठवलीसुद्धा नव्हती. तुम्ही उंबऱ्यात क्षणभर थांबला होतात. मी रुसले होते, आणि तुम्ही आधी बोलावं म्हणून पाठ फिरवून बसले होते.