ती मधोमध उभी असते

८ जानेवारी

आल्या एकदाच्या! दोन्ही पेट्या माझ्या खांद्याला लागतील एवढ्या उंच. जिन्यात अडकल्या, नव्या रंगाचा टवका उडाला. बायको दारात कमरेवर हात ठेवून उभी. "कपाटं मागवलीत का? मग दारं कुठायत यांची?"

मेहुण्यानं स्वतः बनवल्यात. आयुष्यभर लोकांचे रेडिओ दुरुस्त केले, आता घरी बसून स्पीकर बनवतो. वर लाकडी भोंगा, खाली ताटाएवढा कागदी पडदा. सोबत काचेच्या नळ्यांचा इवलासा अँप्लिफायर. म्हटलं, एवढ्याशानं हे धूड हलणार कसं? म्हणाला, "दाजी, हे खातात कमी आणि गातात जास्त. आवाजाच्या बटणाला नुसतं बोट टेकवा."

९ जानेवारी

नुसतं टेकवलं. खोली भरून गेली, आणि तरी काही मोठ्यानं वाजतंय असं वाटेना.

१२ जानेवारी

मेहुण्यानं दिलेली सीडी आज लावली. बहिणीच्या लग्नाआधी त्यानं टेप केलेलं गाणं त्यावर उतरवून घेतलंय. गाणारी माझी बायको — तेव्हा कॉलेजात होती.

मी तिला गाताना कधीच ऐकलेलं नाही. आमचं ठरायच्या आधीच आजारपणात तिचा आवाज बसला, तो उठला नाही. आता बोलते ती घोगरी. आणि आज डोळे मिटले तर ती समोर उभी! दोन पेट्यांच्या मधे, जिथं नुसती भिंत आहे, तिथं. गायच्या आधी श्वास घेतला तोही ऐकू आला. पदर सावरल्यासारखं काहीतरी झालं. हात पुढे केला असता तर लागली असती.

डोळे उघडले तेव्हा खरी बायको दारात. "ती पोरगी बंद करा," म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली. मी बंद केली नाही.

२१ जानेवारी

आता रोजचंच झालंय. दुकान बंद करून घरी, चहा, दिवा न लावता खुर्चीत. नळ्या तेवढ्या निखाऱ्यासारख्या लाल. दिवसभर घड्याळांच्या पोटात डोळे घालून बसलेला माणूस मी, संध्याकाळी काही बघायलाच नको वाटतं. ती येते, श्वास घेते, गाते. मधे कुठंतरी मी असतो की नसतो ते कळत नाही. सुखी आहे मी. लिहून ठेवतो, नंतर नाही म्हणायला नको.

स्वयंपाकघरात भांडी मात्र त्याच वेळी जरा जास्त वाजतात.

२ फेब्रुवारी

ती आज उजवीकडे सरकली होती. मधोमध नाही — उजव्या पेटीला टेकल्यासारखी.

३ फेब्रुवारी

आजही. डाव्या पेटीमागच्या खिडकीचा पडदा काढला. मग लावला. पुस्तकांचं कपाट ढकललं. बायको म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी लक्ष दिलं नाही. कपाट ढकलून पाठ मात्र धरली.

६ फेब्रुवारी

दुकानात फजिती. मास्तरीणबाईंचं मनगटी घड्याळ कानाला लावलं, म्हटलं, "बाई, हे बंद आहे. ठेवून जा." त्यांनी हातात घेतलं, बघितलं. "अहो, काटा फिरतोय की." फिरत होता! रस्त्यावर खोदकाम चाललंय, त्या गोंगाटात कुणाला काय ऐकू येणार.

मी घड्याळ नेहमी डाव्या कानाला लावतो.

८ फेब्रुवारी

मेहुण्याला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "सोपं आहे दाजी. डावी वायर उजवीला, उजवी डावीला जोडा. ताई डावीकडे गेली तर मशिनीत दोष, मी येऊन बघतो."

"आणि जागची हलली नाही तर?"

तो म्हणाला, "आधी वायरी तर बदला."

१३ फेब्रुवारी

वायरी बदलल्या नाहीत. पाठ दुखतेय.

१७ फेब्रुवारी

आजही नाही. भीती वाटते, दुसरं काय. पेटीचा दोष असेल तर पेटी दुरुस्त होईल. नसेल तर ती पुन्हा कधीच मधोमध उभी राहणार नाही. जन्मात पहिल्यांदा भेटली, आणि लगेच कडेकडेनं निघाली.

१९ फेब्रुवारी

बायको बाजारात गेली होती. बदलल्या.

हलली नाही.

२० फेब्रुवारी

बायकोला सांगितलं, "वायर सैल होती. घट्ट केली, झालं." ती म्हणाली, "बरं." एवढंच. एरवी एका वाक्यावर माझी सुटका होत नाही.

डॉक्टरकडे जायचं नाही. कानाला यंत्र लावलेला घड्याळजी — लोक घड्याळ दाखवायचे सोडून मलाच बघत बसतील. रडू आलं, न्हाणीघरात नळ सोडून रडलो.

२६ फेब्रुवारी

आठवडाभर काही लावलंच नाही. आज बायकोच म्हणाली, "का हो, त्या पोरीशी भांडलात का?"

१ मार्च

लावलं. आणि मधोमध!! श्वास, पदर, गाणं — सगळं समोर, जिथल्या तिथं. मग सर्दीच होती म्हणायची! कान दडला होता, सुटला. उगाच राईचा पर्वत केला मी. बायकोला हाक मारली, "ये, बघ तरी." आली नाही. पण भांडी वाजली नाहीत.

५ मार्च

रोज मधोमध. मेहुण्याला कळवलं, कान ठणठणीत आहे. तो "वा, वा" म्हणाला, पण कुठला दोष होता ते त्यानं विचारलं नाही.

डाव्या कानाला घड्याळ लावून बघितलेलं नाही. कशाला बघायचं?

११ मार्च

खोदकामात तार तुटली, दुकानाची वीज गेली, म्हणून दुकान लवकर बंद केलं. घराचं दार लोटलेलं. आत ती गात होती.

बायको माझ्या खुर्चीत बसलेली, पाठमोरी. डाव्या कानात कापसाचा बोळा. ऐकत होती. मग उठली, खुर्ची बोटभर डाव्या पेटीकडे सरकवली, पुन्हा बसली. डोळे मिटून पुन्हा ऐकलं. पुन्हा बोटभर.

मी आवाज न करता चपला घातल्या आणि कानाच्या डॉक्टरकडे गेलो.