फुलीचं कार्ड

प्रिय टिल्लू,

रविवारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. काल चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि अख्खा कप पिऊन टाकला. तुझ्या आईने सांगितलं तेव्हा कळलं. तू शेवटची घरी आलीस त्याला दोन वर्षं होऊन गेली. सुट्टी मिळत नाही असं आई दरवेळी सांगते आणि मी म्हणतो, असू दे, कामात गुंतलेली पोरगी बरी. तर काय झालं ते पहिल्यापासून लिहितो. मधूनच सुरुवात करायची मला सवय नाही.

माझ्या चष्म्याची काडी मोडली म्हणून मी तुझ्या वर्गातल्या त्या मैत्रिणीच्या, चष्मेवालीच्या दुकानात गेलो. मागच्या खोलीत ती आणि एक ताडमाड मुलगा, वाचनालयात काम करतो म्हणे, टेबलावर तीन पुस्तकं पसरून नियमांवरून भांडत होते. आता समोर नियमांवरून भांडण चाललंय आणि मी काडी बसवून मुकाट्याने घरी जाईन, हे शक्य आहे का? चौतीस वर्षं लिफ्ट तपासल्यात मी. खुर्ची ओढली आणि बसलो. त्यांनी बसा म्हटलं नव्हतं, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

खेळ तुला माहीतच आहे, पण मला कितपत समजला ते सांगतो. एकजण भीतीची गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि पुढे काय घडणार ते फासे टाकून ठरतं. नव्या गोष्टीला कुठली नियमावली घ्यायची यावर त्यांचं घोडं अडलं होतं. पहिलं पुस्तक विटेएवढं जाड. त्यात प्रत्येकाच्या धीराला गुण, भयंकर काही दिसलं की गुण कापायचे, शून्यावर आले की माणूस वेडा. मला एकदम पसंत. पण जिन्यावरून पडण्याचा नियम शोधायला त्या ताडमाडाला बारा मिनिटं लागली, तेवढ्यात भूत कंटाळून निघून गेलं असतं. दुसऱ्यात फासेच नाहीत, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा असतो. धोक्याचं काही करायचं तर एक ठोकळा काढायचा, मनोरा कोसळला की तुमचा माणूस मेला. माझा हात कसा आहे तुला ठाऊक आहे. मी एकोणीस ठोकळे काढले, मनोरा जागचा हलला नाही आणि कुणालाच भीती वाटली नाही.

तिसरी नियमावली जेमतेम बारा पानांची. त्यात आधी प्रत्येकाने आपल्या माणसाला कशाची भीती वाटते ते कागदावर लिहायचं. शिवाय टेबलाच्या मधोमध लाल फुली मारलेलं एक कार्ड ठेवायचं, त्यांच्या टेबलावर ते होतंच. कुणीही त्यावर हात ठेवला की गोष्ट तिथल्या तिथे थांबवायची, का म्हणून विचारायचं नाही. त्या फुलीला मी पोट धरून हसलो. म्हटलं, भीतीचा खेळ मांडायचा आणि भीती वाटली की थांबायचं, मग पांघरूण घेऊन घरी झोपा की. चष्मेवाली म्हणाली, काका, लिफ्टमध्ये लाल बटण असतंच ना? मी म्हटलं, नसेल तर मी लिफ्टला सील ठोकतो, पण तो जिवाचा मामला आहे.

मग मी त्यांच्या आधीच्या खेळांचा रेकॉर्ड मागितला. रेकॉर्ड पाहिल्याशिवाय मी उभ्या जन्मात कुठे सही केलेली नाही. दोघं राहू द्या काका, कशाला काका, करत होती, तरी मी फाइल ओढून घेतली. त्यांची तिसरी खेळाडू बाहेरगावची, महिन्यातून एकदा येते, असं तो मुलगा मघाशी बोलून गेला होता. तिचाच भीतीचा कागद वर होता, टाइप केलेला. मी मोठ्याने वाचला. संध्याकाळी जिन्यात चाव्यांचा जुडगा वाजतो. दुसऱ्या मजल्यावर थांबतो. मग कुणीतरी तीनदा खाकरतं. तेवढ्यात घरातल्या सगळ्यांनी आपापल्या जागी गप्प बसलेलं असायला हवं. मी म्हटलं, वा, याला म्हणतात भूत, रक्त नाही की हाडं नाहीत, नुसता आवाज. एवढं बोलून मी घसा साफ केला. तीनदा. माझा उजवा हात खिशात होता, जुडग्यावर.

दोघांनी माना खाली घातल्या. मला काही सुधरेना. काहीतरी करायचं म्हणून मी ते फुलीचं कार्ड उचललं आणि उलटं केलं. मागे माझं नाव छापलेलं. हुद्दा, ऑफिसचा फोन. माझंच जुनं व्हिजिटिंग कार्ड.

टिल्लू, मी टेबलाची कड घट्ट धरली. बावीस मजल्यांच्या खड्ड्यात वाकून बघितलंय मी, असं कधी झालं नव्हतं. चष्मेवालीने पाणी दिलं आणि हळूहळू सांगितलं. एकदा गोष्ट सांगताना त्या मुलाने सहज चाव्या वाजवल्या. तू उठून बाथरूममध्ये गेलीस ती अर्धा तास बाहेर आली नाहीस, आणि पुढच्या महिन्यात हे कार्ड घेऊन आलीस. दर महिन्याला येतेस, तिच्याकडे उतरतेस. आपल्या घरापासून तीन गल्ल्या. मी बसलो होतो ती खुर्ची तुझी.

घरी आलो. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तुला माहीत होतं का, विचारलं. म्हणाली, हो, आम्ही भेटतो दर महिन्याला. मी म्हटलं, मी कधी हात उगारला का गं पोरीवर? म्हणाली, नाही, हात नाही उगारलात. मग चादरीचं टोक माझ्या हातात देत म्हणाली, चाव्या वाजल्या की मीसुद्धा रेडिओ बंद करायचे, तुम्हाला कधीच कळलं नाही? मला खरंच कळलं नाही. आमचं घर फार शांत आहे असं मी लोकांना अभिमानाने सांगत आलो. चादर धरून मी तसाच उभा राहिलो, घडी तिने एकटीनेच घातली.

तीन दिवस आठवतोय. आठवतं ते सगळं माझ्याच आवाजात आहे. बोल, गप्प का, उत्तर दे. मी याला शिस्त म्हणायचो. लाज वाटते गं.

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहितो. तू दहा वर्षांची होतीस. माझी मोजायची स्टीलची पट्टी सापडत नव्हती. मी तुला फ्रिजजवळ उभं केलं आणि कुठे ठेवलीस, कुठे ठेवलीस, विचारत राहिलो. जेवणं गार झाली. तू किती वेळा मी नाही घेतली म्हणालीस आणि शेवटी म्हणालीस, मी हरवली. मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, बघ, खरं बोललं की कसं मोकळं वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पट्टी माझ्याच बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात निघाली. मी कुणाला सांगितलं नाही. तू पट्टी घेतली नव्हतीस, टिल्लू. तू खरं बोलत होतीस, खोटा मी होतो. हे पत्र चष्मेवालीच्या हाती देतोय. त्यांना तिसरी नियमावली घ्या म्हणून सांगितलंय, आणि येत्या रविवारी काय, पुढेही मी तिकडे फिरकणार नाही. तुझी खुर्ची तुला. कार्डही तिथेच आहे. तसंच एक मी आपल्या जेवणाच्या टेबलावर करून ठेवलंय. ये असं म्हणत नाही, फक्त ते आहे एवढं कळवतो. काल जेवताना मी आईला काहीतरी समजावत होतो आणि तिने न बघता त्यावर हात ठेवला. माझं वाक्य अर्धं होतं. का म्हणून विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. नाही विचारलं.

अजून म्हणू देशील तर तुझाच,
बाबा