धाकटी म्हणाली म्हणून

सूनबाई,

पहाटे ह्यांना धाप लागली ती थांबेना. शेजाऱ्याच्या गाडीतून मोठ्या दवाखान्यात नेते आहे, गाडीत बसूनच हे फोनवर लिहितेय. दूध तापवायचं राहिलंय. गॅस बंद केला का आठवत नाही, आधी ते बघ.

आठ दिवसांपूर्वी माझी धाकटी जाऊ जिन्यात म्हणाली, "भाऊजींचे पाय सुजलेत, दाखवून आणा." मी म्हटलं, "तू तुझं घर बघ, आमचे पाय मोजू नकोस." तू होतीस तिथे. वाळत घातलेल्या एका चादरीवरून चार वर्षं अबोला, तेव्हा ती बोलली म्हणजे खोटंच, असं मी धरून चालले.

टीव्हीवरचे पुढारी असेच. विरोधकानं पुलाला गेलेला तडा दाखवला, की पूल राहतो बाजूला, पुढारी त्याच्या सात पिढ्या काढतात. मी रोज त्यांना शिव्या घालते, आणि घरात ह्यांच्या पायांकडे वाकून बघितलं नाही.

डॉक्टर पहिलं विचारणार, सूज कधीपासून. मला सांगता येणार नाही. तिला ठाऊक असेल. येताना तिला घेऊन ये. नाही म्हणाली तर सांग, मी बोलावलंय. हात जोडलेत म्हणालीस तरी चालेल.