‘श्वित’चा रतीब

सांदोम्येश, ४ मार्च १९७७

चि. वितोल्द यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा अग्रलेख वाचला. माझ्या पेपरच्या टपरीत रतीब लावलेल्या गिऱ्हाइकांच्या नावाच्या फायली आहेत आणि प्रत्येकीत तुमचं पक्षाचं दैनिक ‘श्वित’ असतंच. फार फुगू नकोस. बायकांचं साप्ताहिक मिळता मिळत नाही. ‘श्वित’ घेईल त्यालाच मी ते देते. शेजारच्या यानिनाबाई तुमच्या क्रांतीवर अळंबी वाळवतात. ईस्टरला ये.

लोभ आहेच, तो कधी येऊनही दाखव.

लुद्विका

वॉर्सा, १५ मार्च १९७७

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हसून घे. रोज लाखो अंक निघतात. अळंबीखालून का होईना, समाजवाद घरात शिरला ना? ईस्टरला जमणार नाही, संपादकांनी पहिलं पान माझ्याकडे दिलंय.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

वितोल्द

सांदोम्येश, ३ नोव्हेंबर २००९

चि. वितोल्द यास अनेक आशीर्वाद.

आईबाबांच्या थडग्यावर दिवे लावून आले. ‘श्वित’ महिनाअखेर बंद होणार असं रेडिओवर ऐकलं. राजवट बदलली तशा माझ्या फायली रिकाम्या होत गेल्या. आता एकच रतीब उरलाय, तोही चर्चच्या फादर हिलारींचा. बाबांची खोली रिकामीच आहे. कायमचा घरी ये.

वाट पाहणारी,
लुद्विका

वॉर्सा, १२ नोव्हेंबर २००९

ती. ताईस सा. न.

कचेरीत आम्ही तिघंच उरलोय. जन्मभर लिहिलं, पण हल्ली एका ओळीचंही उत्तर येत नाही. फादर काचा पुसायला नेत असतील अंक. तिथे येऊन मी बोलू कुणाशी? इथेच बरा आहे.

लोभ असू दे, आग्रह नको.

वितोल्द

सांदोम्येश, १ डिसेंबर २००९

चि. वितोल्द यास आशीर्वाद आणि एक धपाटा.

काल शेवटचा अंक आला. फादरांनी तो टपरीपुढे उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाले, “लुद्विकाबाई, वीस वर्षं प्रवचनात मी तुमच्या भावाशीच भांडतोय. आता भांडू कुणाशी? बाकी गाव नुसतं माना डोलावतं.” दर गुरुवारी तुला चहाला बोलावलंय. खसखशीचा केक त्यांचा, वाद तुझा.

आता तरी ऐक.

लुद्विका

वॉर्सा, ५ डिसेंबर २००९

ती. ताईस शि. सा. न.

खोटं कशाला सांगू, पत्र वाचून रडलो. कुणीतरी मला वाचत होतं, ताई. शनिवारच्या गाडीने येतोय, खोली झाडून ठेव. रविवारी प्रवचनाला मागच्या बाकावर बसेन. फादरांना आधीच बजावून ठेव, ‘श्वित’ बंद पडलं म्हणून त्यांचं खरं ठरत नाही.

बाकी लोभ समक्ष.

वितोल्द